तोफेला दाखवलेलं घर

तोफा वाजल्या तेव्हा आम्ही खाडीत होतो, आणि आम्ही टाळ्या वाजवल्या.

एकाहत्तरची लढाई सुरू झाली होती. मचव्यात गेल्या हंगामातलं मीठ भरलेलं होतं. वारा पडला होता, म्हणून ओहोटीच्या पाण्यावर आम्ही बंदराकडे चाललो होतो. ऊन चांगलं वर आलं होतं. मागून, आमच्या खारवेढी गावाच्या अंगाने, धडधड असा आवाज आला आणि लगेच थांबला.

तांडेल उठून उभा राहिला. "आपल्या तोफा! मारा साल्यांना!"

मीही ओरडलो. आम्ही सगळे मान वर करून विमान शोधत होतो. विमान दिसलं नाही. चिखलावरची पाखरं तेवढी उठली होती. तांडेल म्हणाला, "पाडलेला दिसतो एकाला," आणि त्याने पुढचा सगळा रस्ता त्या विमानाचं काय झालं असेल ते रंगवून सांगितलं. आम्ही ऐकत होतो आणि हसत होतो.

मीठ उतरवून भरतीबरोबर परत आलो तर धक्क्यावर माझी बायको मथी हिचा भाऊ जोमा उभा होता. तो तेलाच्या टाक्यांवर कामाला. त्या वेळी तो कामावर असायला हवा होता.

"काय रे, आज सुट्टी?"

"दाजी, घरी चला."

"मथी कुठं हाय?"

त्याने माझ्या हातातलं वल्हं काढून घेतलं. तेव्हा मला कळलं.

मथीला शेजारच्या बायजा आत्याच्या ओटीवर ठेवलं होतं. वर गोधडी होती. मी गोधडीला हात घातला तर आत्याने माझं मनगट धरलं. "नको रे, हसुराम. तोंड बघ फक्त." तोंडाला काही झालं नव्हतं. केसांत राख होती. धडधड झाली तेव्हा ती चुलीपुढे भाकऱ्या थापत होती.

संध्याकाळ व्हायच्या आत मामलेदार आले आणि त्यांच्याबरोबर तोफांचे मेजर चिटणीस आले. गाव जमलं होतं. मेजरांनी टोपी काढली.

"शत्रूचं विमान आलं होतं," ते म्हणाले. "आपल्या जवानांनी त्याला पळवून लावलं. पण जाता जाता त्याने बॉम्ब टाकला. तुमच्या पत्नीचं बलिदान देश विसरणार नाही."

मी त्यांना हात जोडले. मागून कुणीतरी "मथीबाय अमर रहे" ओरडलं. तालुक्याहून आलेल्या माणसांनी ते उचललं. ज्यांनी मथीला कधी पाहिलं नव्हतं ते तिच्या नावाने घसा फोडत होते, आणि आम्ही तिला स्मशानात नेलं.

सुतकाच्या घरी चूल पेटत नाही. आमच्याकडे तर चूलच उरली नव्हती. बायजा आत्या भाकरी घेऊन यायची आणि मी खात नाही म्हणून शिव्या द्यायची. एका सकाळी ती भाकरी ठेवून माझ्या शेजारी बसली. समोर स्वयंपाकघराची भिंत होती. भिंतीला मधोमध भोक होतं, माणसाचं डोकं जाईल एवढं.

"हसू, बाम कुठून येतो रे?"

"वरून."

"मग कौलं सरकली, पन फुटली नायत. भोक भिंतीला. विमान काय परसात उतरलं होतं?"

मी उठून भोकातून पाहिलं. पलीकडे परस, परसापलीकडे खारजमीन, आणि सरळ समोर उघाडीजवळचा, खाडीचं पाणी आत-बाहेर सोडायच्या दाराजवळचा, उंच बांध. बांधावर तोफा उभ्या होत्या.

दुपारी हवालदार इंगवले आला.

इंगवल्याबद्दल आधी सांगायला हवं. तोफा आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास आल्या, गावापलीकडच्या तेलाच्या टाक्या राखायला. इंगवले साताऱ्याकडचा, आवाज दांडगा. पहिल्यांदा आला तो पिण्याचं पाणी विचारत. मग तो नेहमीच यायला लागला. मथी त्याला सुकट द्यायची आणि बदल्यात त्याला छळायची.

"हवालदारभावजी, तुमी विमानावर नेम धरता कसा? ते काय उभं राहतं?"

"नाही राहत, वहिनी. म्हणून विमानावर नेम धरायचाच नसतो. गोळा पोचेपर्यंत ते जिथं जाणार, तिथं धरायचा."

"आनि ते कुठं जानार ते तुमाला त्याच्या बायकोनं सांगितलं?"

इंगवले मांडी थोपटून हसायचा. त्याला तोफांबद्दल बोलायला फार आवडायचं. तो भरती झाला तेव्हा तोफेवर दोघे बसायचे. एक चाक फिरवून नळी वर-खाली करायचा, दुसरा डावी-उजवीकडे वळवायचा, आणि सगळा मामला डोळ्यांच्या अंदाजाचा. मग हिशेब करणारी पेटी आली. माणसं तिच्या दुर्बिणींना डोळे लावून विमानामागे चाकं फिरवायची, आणि पुढे कुठे मारायचं ते पेटी काढून द्यायची. आता तीही मागे पडली. आता ही गाडी, डोक्यावर ताटली फिरवणारी. धुकं असो, ढग असो, तिला विमान दिसतं. हिशेब ती करते आणि केबलमधून तोफेला तीच वळवते.

"मग तोफेवर बसलेला मानूस करतो काय?" मथीने विचारलं.

"बसतो."

"आमच्याकडं पन एक हाय तसला," ती माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

पण त्याच दिवशी इंगवले एक गोष्ट न हसता बोलला होता. पूर्वी नळी गावाकडे वळली तर चाकावरचा माणूसच थांबायचा, कारण त्याला समोर घर दिसायचं. या गाडीला घर कळत नाही. विमान खाली आलं की ती नळी खाली आणणार, मधे कुणाचं का छप्पर असेना. म्हणून प्रत्येक तोफेच्या बुडाशी एक कडं असतं आणि त्या कड्यावर लोखंडी अडसर बसवतात. नळी घराच्या दिशेने ठरल्यापेक्षा खाली आली की अडसर लागतो आणि गोळा सुटतच नाही. अडसर कुठे बसवायचा हे कळायला तोफेला आधी घरं दाखवावी लागतात.

ती दाखवायची पद्धत अशी. प्रत्येक घराच्या आढ्यावर कुणीतरी काठी घेऊन उभं राहायचं, काठीला चिंधी. तिकडे तोफेत गोळा नसतो. इंगवले नळीच्या मागून आत डोळा लावायचा, एकेका काठीवर नळी आणायचा, आणि कड्यावर तिथे अडसर बसवायचा. झालं की निशाण हलवायचा.

आमच्या घरावर मथी स्वतः चढली होती. मी म्हटलं, मी चढतो, तर म्हणाली, "तुमी चढलात तर कौलं जातील." काठीला तिच्या जुन्या लुगड्याचा तुकडा बांधला होता. तिथून ती टाक्यांमागच्या बांधाकडे ओरडत होती, "दिसलं का तिला? नीट दाखवा! न्हायतर माज्यावर रागवायची!" सगळं गाव हसलं होतं.

तो इंगवले त्या दुपारी दारात उभा राहिला. आत ये म्हटलं तरी येईना. मग ओटीच्या कडेला बसला.

"वहिनींनी घर दाखवलं होतं, दादा," तो म्हणाला. "पण तेव्हा तोफा टाक्यांमागच्या बांधावर होत्या."

"मग?"

"जागा बदलली."

मला माहीत होतं की तोफा हलवल्या आहेत. मंडप घातला होता, मोटारी आल्या होत्या. आम्हांला त्याचं काही वाटलं नव्हतं.

"वरचे साहेब येणार होते," इंगवले म्हणाला. "बरोबर फोटोवाले. टाक्यांमागं तोफा रस्त्यावरून दिसत नव्हत्या. मेजरसाहेब म्हणाले, उघाडीच्या बांधावर घ्या, मागं समुद्र चांगला दिसतो. मी म्हटलं, साहेब, तिथनं गाव वेगळं दिसतंय, अडसर पुन्हा लावावे लागतील. म्हणाले, काठ्या आणि लुगडी कशाला पाहुण्यांना दाखवता, पाहुणे जाऊ देत. पाहुणे गेले. मंडप गेला. तोफा तिथंच राहिल्या."

"आणि ते विमान?"

त्याने मान हलवली. "ताटलीनं काहीतरी पकडलं. पाखरं असतील, लाटा असतील. गाडीतनं हुकूम आला. नळी गावाकडं वळली तसा मी ओरडलो, थांबवा, थांबवा. तोवर गोळे सुटले होते."

मग मी त्याला विचारलं, "आता लावलेत का अडसर?"

"नाही."

"म्हणजे आज परत पाखरं उठली तर?"

इंगवल्याने बांधाकडे पाहिलं.

मी तसाच उठून बांधावर गेलो. डोक्यावर काही नाही, पायांत काही नाही. सुतकातला माणूस बघून पहारेकऱ्याने अडवलं नाही. मेजर तंबूत चहा पीत होते. लगेच उभे राहिले, खुर्ची पुढे केली.

"बसा, हसुराम."

"बसायला नाय आलो. गोळा तुमचा होता."

त्यांनी पहारेकऱ्याला बाहेर पाठवलं. "कुणी सांगितलं तुम्हांला?"

"भिंतीनं. भोक तुमच्या बांधाकडून आत आलंय."

ते नाकारतील असं मला वाटलं होतं. नाकारलं असतं तर बरं झालं असतं. त्यांनी कप बशीत ठेवला आणि मला समजावायला लागले, लहान पोराला समजावतात तसं.

"हे पाहा, लढाई चालू आहे. लोकांचा तोफांवरचा विश्वास उडाला तर शत्रूचंच काम होईल. आणि तुमच्या पत्नीचा विचार करा. त्यांचं नाव शहिदांत जाणार आहे. अपघातात गेलेल्या बाईचं नाव कोण घेतं?"

"मी घेतो," मी म्हणालो.

त्यांनी कप पुन्हा उचलला.

"साहेब, दोन गोष्टी करा. गावापुढं उभं राहून खरं काय ते सांगा. आणि तोफांना घरं दाखवा. पहिली उद्या केलीत तरी चालंल. दुसरी आत्ता करा."

"आज काठ्या उभ्या केल्या तर गाव विचारेल, त्या दिवशी का नव्हत्या."

"विचारू दे की."

"लढाई संपल्यावर बघू."

"तोवर गोळा कोनाच्या चुलीत?"

"तुम्ही दुःखात आहात," मेजर म्हणाले. "घरी जा. काही लागलं तर कळवा."

मी दुःखात होतो हे खरं. पण त्या तंबूतून बाहेर पडताना माझ्या अंगात दुःख नव्हतं. हा माणूस वाईट दिसत नव्हता. त्याने उठून खुर्ची दिली, आवाजही चढवला नाही. आणि गावातली बाकीची घरं तो तशीच तोफेपुढे ठेवणार होता, कारण काठ्या उभ्या केल्या तर त्याची चूक दिसली असती.

परत आलो आणि बायजा आत्याच्या ओटीवर सगळ्यांपुढे सांगितलं. इंगवल्याचं नाव घेतलं नाही. बायका ऐकत होत्या, पुरुष खाली बघत होते. जोमा पुढे आला.

"दाजी, लढाईच्या दिवसांत लष्कराशी वाकडं नको. उद्या आपल्याला हेर म्हनतील."

"तुजी बहीन होती ती," मी म्हणालो.

"म्हनूनच सांगतो. ती गेली. आता तुमाला पन नेतील."

बायजा आत्या तांदूळ निवडत होती. तिने सूप खाली ठेवलं. "हेर म्हनू देत. हेराला बसायला घर तरी लागतं ना? माजं उडालं तर मी कुठं बसून हेरगिरी करू?"

कुणी हसलं नाही. ती उठली, वाळत घातलेले कपडे खाली टाकले आणि वलणीचा बांबूच काढून घेतला. अंगणात उभं राहून त्याच्या टोकाला स्वतःचं लुगडं बांधलं. म्हातारी शिडीवर चढायला लागली तेव्हा तिच्या सुनेने खालून शिडी धरली आणि म्हणाली, "आत्याबाय, तुमी उतरा, मी जाते." "तू खालूनच धर," आत्या म्हणाली. "घर माज्या नावावर हाय."

मग कुणी कुणाला सांगितलं नाही. समोरच्या घरावर काठी गेली. मग गल्लीतल्या दुसऱ्या घरावर, मग देवळाकडच्या आळीत. ज्यांच्याकडे बांबू नव्हता त्यांनी वल्ही उभी केली. मीठ ओढायची फावडी उभी केली. हिरवी, तांबडी, जांभळी लुगडी. मी माझ्या घराच्या आढ्यावर चढलो. कौलं सरकलेलीच होती. मी वाशावर पाय रोवून उभा राहिलो.

बांधावर गडबड उडाली. शिपाई जमून गावाकडे बोटं दाखवत होते. मेजर तंबूतून बाहेर आले. त्यांनी दुर्बीण लावली, काढली, पुन्हा लावली. आम्ही उभे होतो. ऊन तापलं होतं. हात भरून आले की काठी या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायची. खालून कुणीतरी पाणी द्यायचं. आत्या तिच्या आढ्यावरून मला ओरडली, "हसू, हा तुजा मेजर झोपला का?"

मग मी इंगवल्याला पाहिलं. तो मेजरांपुढे जाऊन उभा राहिला, सलाम केला, काहीतरी बोलला. इंगवले तसाच उभा. शेवटी मेजर वळले आणि समुद्राकडे तोंड करून उभे राहिले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. फक्त पाठ केली.

इंगवले तोफेकडे गेला. नळी हलली.

ती गावाकडे वळली तेव्हा खाली बायकांचा आवाज एकदम थांबला. ज्या तोफेने मथीला मारलं होतं तीच असेल, दुसरी असेल, मला ठाऊक नाही. नळी देवळाच्या आळीवरून आली, एकेका घराशी थांबत. आत्याच्या घराशी थांबली. आत्या सरळ उभी होती आणि तोंडाने तिला शिव्या देत होती. मग नळी माझ्याकडे आली आणि थांबली. तिचं तोंड एवढं बारीक, काळं. आत गोळा नाही हे मला माहीत होतं. तरी काठी हलायला लागली. मला वाटलं, उडी मारावी. पण काठी खाली गेली तर हे घर तिला दिसणार नाही, आणि या घराच्या मागे जोमाचं घर होतं.

तेवढ्यात शिडी वाजली. जोमा वर आला. माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्याने काठी धरली. "तुमी हलताय, दाजी," तो म्हणाला. "तिला नीट दिसत नसंल."

आम्ही दोघांनी काठी धरून ठेवली. बराच वेळ गेला. मग बांधावर निशाण हललं आणि नळी पुढे गेली.

एकेका तोफेला सगळी घरं दाखवून होईपर्यंत संध्याकाळ झाली.

त्यानंतर दोनदा तोफा वाजल्या. गावात काही पडलं नाही. लढाई संपली. इंगवल्याची त्याआधीच बदली झाली होती. त्याला निरोप घ्यायलाही गावात येऊ दिलं नाही. मेजर शेवटपर्यंत राहिले, तोफा घेऊन गेले, आणि जाण्याआधी मथीच्या नावाने ग्रामपंचायतीत एक भाषण करून गेले. त्या भाषणात विमान होतं, बॉम्ब होता, आणि जवानांनी शत्रूला पळवून लावल्याचं होतं. गाव ऐकत होतं. प्रत्येकाला खरं माहीत होतं. कुणीच टाळी वाजवली नाही, तेवढंच.

मी मामलेदारांकडे गेलो. ते म्हणाले, हा लष्कराचा विषय आहे. लष्कराकडे गेलो. ते म्हणाले, हे मुलकी खात्याचं. मग मामलेदार बदलले, नवे आले, तेही बदलले. एकाने तर मला विचारलं, "आजोबा, तुमच्या बायकोला मान मिळतोय, तुम्हांला नको का?" मी म्हणालो, "मान द्या. पण खोटा नको. ती काय शत्रूशी लढत नव्हती. ती भाकऱ्या करत होती." ते हसले. त्यांना वाटलं, म्हाताऱ्याचं डोकं फिरलंय.

आमच्या शाळेत दरवर्षी मथीच्या नावाने कार्यक्रम होतो. पोरांना सांगतात की खारवेढीवर शत्रूचं विमान आलं होतं. मी जातो. त्या वाक्याला उठून उभा राहतो आणि म्हणतो, विमान आलं नव्हतं. मास्तर माझा हात धरून बसवतात. जोमा आता नाही, बायजा आत्या तर केव्हाच गेली. त्या दिवशी आढ्यावर उभे असलेल्यांपैकी आता फार थोडे उरलो आहोत.

मथीला मारणारा गोळा आपल्याच तोफेचा होता, आणि ती तोफ फोटोसाठी हलवली होती, हे कुणाही सरकारी माणसाने गावापुढे उभं राहून अजून सांगितलेलं नाही.